हातचा

कारा समुद्राच्या काठी, हवामान केंद्रावर, त्या हिवाळ्यात
आम्ही दोघं होतो, अकरा कुत्री, आणि एक संख्या:
२३०५८४३००९२१३६९३९५१.
दोनाचा एकसष्टावा घात, उणे एक.
अव्गुस्तानं ती कोळशानं भट्टीमागच्या फळीवर लिहिली.
म्हणाली, "हिला कुणी भागत नाही, येर्मोलाय.
एक भागतो, आणि ती स्वतः. बस्स."

मी बिनतारी यंत्र सांभाळणारा, मला काय कळणार?
विचारलं, "आधी कुणी सिद्ध केलं नाही हे?"
"पंचाहत्तर वर्षांपूर्वीच केलंय. पण माझ्या हातानं नाही."

रीत पोरासोरांना सांगावी इतकी सोपी.
चार घ्या. वर्ग करा. दोन वजा करा.
चौदा. पुन्हा. एकशे चौऱ्याण्णव. पुन्हा.
फळीवरच्या संख्येहून मोठं झालं की
तिनं भागायचं, आणि फक्त बाकी ठेवायची.
असं एकोणसाठ वेळा.
शेवटी शून्य उरलं तर ती अविभाज्य,
दुसरं काहीही उरलं तर नाही.

नोव्हेंबरात सूर्य गेला आणि आम्ही बसलो. रोज एक वर्ग.
पहिले चार दिवस चहा गार व्हायच्या आत आटपलं.
मग एकोणीस आकड्यांना एकोणीस आकडे,
तीनशे एकसष्ट लहान लहान गुणाकार,
जुन्या वायुदाबाच्या तक्त्यांच्या पाठीवर,
शाई गोठते म्हणून पेन्सिलीनं.
ती गुणायची. हातचे मी धरायचो.
"हातचे सात." "सात."
"हातचा एक." "एक."
रात्री मी नऊ टाकून ताळा करायचो
आणि ओरडून सांगायचो, "जुळलं!"
मग कुत्र्यांना मासे.

एकोणसाठाव्या दिवशी शून्य आलं नाही.
आलं एक लांबलचक, उद्धट उत्तर,
त्यात तीन वेळा आठ.

ती रागावली नाही. म्हणाली, "संख्या चुकत नाही.
कुठंतरी आपणच."
आणि पहिल्या पानापासून नऊ टाकत निघाली.
मी भट्टीत लाकडं सारत राहिलो, गरज नसताना.
अडतिसाव्या पानावर तिचं बोट थांबलं.
इकडे पाच, तिकडे चार.
वरून सातव्या ओळीत, डावीकडे,
एक हातचा मिळवायचाच राहिलेला.
त्यापुढचं सगळं अगदी बरोबर होतं,
फक्त भलत्याच संख्येचं.

"जुळलं म्हणाला होतास."
"म्हणालो होतो."
"त्या दिवशी काय झालं होतं?"

एकवीस दिवस मी तो कागद
सदऱ्याच्या आतल्या खिशात बाळगला होता.
तारेचे शब्द मोजून सहा:
आई गेली. मंगळवारी पुरलं. जहाज नाहीच.
जहाज जुलैपर्यंत येणार नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं,
म्हणून म्हटलं, अंधार सरू दे, मग सांगू.
रोज तिच्यासमोर बसून हातचे मोजत होतो
आणि हातचं राखून बोलत होतो.
ते एका आकड्यानं बाहेर काढलं.

कागदाच्या घड्या पडून पडून मधलं अक्षर पुसलं होतं.
तिनं तो दिव्याजवळ धरला.
वाचायला सहा शब्दांना लागावा त्याहून
फार फार वेळ लागला.
मग कोट चढवून बाहेर गेली, तापमापक बघायला.
ती वेळ तापमापकाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी अडतिसावं पान पुन्हा कोरं घेतलं.
हातचे आता तीच धरू लागली, स्वतःशीच, ओठ हलवत.
ताळाही तिचाच.
मी पेन्सिलींना टोकं काढत बसलो.
मध्येच कधीतरी क्षितिजावर सूर्याची कड आली
आणि वाटाण्याएवढी होऊन गेली;
आम्ही दोघांनी नोंदवहीत वेळ टिपली, वेगवेगळी.

बाविसाव्या दिवशी, शेवटच्या गुणाकाराच्या शेवटच्या ओळीत,
ती थांबली. वर न बघता विचारलं:
"हातचा?"

मी तोवरची सगळी ओळ डोळ्यांनी परत चाललो.
दोनदा. मग तिसऱ्यांदा.
"काही नाही," म्हणालो. "हातात काहीच नाही."

तिनं वजाबाकी केली, भागाकार केला,
आणि निःशेष भाग गेला.
खाली एक शून्य काढलं, किंचित वाकडं,
पेन्सिलीचं टोक बोथट होतं म्हणून.